व्यवसाय : जादूगार

...आणि वर मलाच म्हणतात, "तुला कलेतलं काही कळत नाही!" नाही कळत. कसं कळणार हो? सकाळी सातला शटर वर केलं की दिवे लागेपर्यंत माणसांच्या कॉलरींचा मळ बघायचा, काखेतले डाग बघायचे, कोणाच्या पँटवर काय सांडलंय ते न विचारता ओळखायचं... लाँड्री आहे माझी. स्वतःची. चौदा वर्षं मी लोकांचे डाग काढतेय, आणि माझ्या घरी मात्र... जाऊ दे. आमचे हे जादूगार आहेत. हसू नका! म्हणजे हसा, पण हळू हसा, बाहेरच बसलेत. लहान मुलांच्या वाढदिवसाला जातात. म्हणजे बोलावलं तर जातात. म्हणजे मागच्या वर्षी तीनदा बोलावलं. त्यातल्या एकानं पैसे दिले, एकानं केक दिला, आणि तिसऱ्या ठिकाणी सहा वर्षांची एक चिमुरडी उभी राहून सगळ्यांना म्हणाली, "अंडं त्यांच्या डाव्या बाहीत आहे." होतंच! तो खिसा मीच शिवलाय. पण मी काय बोलणार? कपडे धुणारी बाई मी!

तर विषय चाललाय फॉर्मचा. कराचा फॉर्म हो, उत्पन्न किती, कर किती, परतावा किती... तुमच्याकडे कोण भरतं? स्वतः भरता, की माणूस लावता? बघा, नवरा-बायको एकमेकांकडे बघायला लागले! इथेच संसार मोडतात. आमच्याकडे अकरा वर्षं हेच भरायचे, त्यांचाही आणि माझाही. चार दिवस जेवायचं टेबल बंद! आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवायचो, आणि टेबलावर कागद, टाचण्या, तीन रंगांची पेनं, आणि मधोमध ससा. कागद उडू नयेत म्हणून! मी दरवर्षी म्हणायचे, "अहो, अकाउंटंट लावू या." की चष्म्यावरून बघायचे. "बाहेरच्या माणसाला आपल्या धंद्यातलं काय कळणार?" आपल्या धंद्यातलं! तुम्हाला सांगते, त्या फॉर्मच्या पहिल्याच पानावर एक रकाना असतो, व्यवसाय. तिथे आले की थांबायचे. पेन बदलायचे. निळ्या शाईनं एकेक अक्षर कोरून काढायचे, जा... दू... गा... र. वर फुंकर मारायचे. मग मी बघितलं की नाही ते बघायचे. मी बघायचेच नाही! मला तेव्हा वाफेच्या इस्त्रीचं मशीन हवं होतं. जुनं गळायचं, हे बघा, मनगटावर, ही त्याचीच खूण. त्या एका शब्दासाठी हा माणूस चार दिवस टेबल अडवून बसतो, हे कळत होतं मला. कळून काय करणार? कपडे धुणारी बाई मी!

यंदा मात्र आमच्या दुकानासमोरची चष्मेवाली सांगायला लागली, तिनं अकाउंटंट लावला आणि एवढा परतावा आला की दुकानाची पुढची अख्खी काच बदलली. झालं! मी घरी गेले आणि म्हटलं, "माणूस लावायचा. नाहीतर ससा घराबाहेर." दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी. सशाशी बोलत होते. तिसऱ्या दिवशी इस्त्रीचा काळा कोट घालून दारात उभे, हातात पेटी, काखेत बिस्किटांचा डबा. म्हणे, "चला. पण धंद्याचं मी बोलणार."

टायरच्या दुकानावर दुसरा मजला, एवढीशी खोली, तीन खुर्च्या, त्यातल्या एकीवर फायली बसलेल्या. अकाउंटंट बारीकसा, स्वच्छ, कॉलरीला खळ जरा जास्तच, म्हणजे घरी धुतो, गिऱ्हाईक म्हणून बाद. आवाज इतका मऊ की शिव्या घातल्या तरी आपण आभार मानून उठू. यांनी ऐटीत डबा उघडून दिला. "अकरा वर्षांचे खर्च. पावत्यांसकट." तो एकेक काढून वाचायला लागला. "साहेब, दातांची कवळी, वरची... ही आपली?" हे म्हणाले, "छे, माझे सगळे दात आहेत!" आणि दाखवले! "बरं... पोहण्याचा पोशाख, बायकांचा, एक... गुडघ्याचा पट्टा... हॉटेलची खोली, दोन माणसांची, दुपारी बारा ते चार." मी यांच्याकडे बघितलं. दुपारी बारा ते चार? हा माणूस? दोन माणसांची? अहो, यांच्याकडे टाळ्या वाजवायला दोन माणसं बसत नाहीत! आणि मग एकदम डोक्यात प्रकाश पडला... डबा माझा! दुकानातला! कपडे धुवायला टाकायच्या आधी मी सगळ्यांचे खिसे उलटे करते, किल्ल्या, गोळ्या, चिठ्ठ्या, पावत्या, निघेल ते डब्यात, गिऱ्हाईक आलं की ज्याचं त्याला. जे कोणी मागत नाही ते डब्यातच राहतं. आणि आमचे हे अकरा वर्षं अख्ख्या रस्त्याची लफडी आणि दुखणी स्वतःच्या जादूच्या खर्चात टाकत होते! मी म्हटलं, "अहो, कवळी तरी बघायची!" तर म्हणतात, "मला वाटलं, तू घेतली असशील." मी! बत्तीसच्या बत्तीस शाबूत आहेत माझे, सगळे यांच्यावर खाऊन झालेत तरी!

त्यानं त्या सगळ्या पावत्या दोन बोटांनी बाजूला सारल्या. खाली काय उरलं? गाजरं. पत्त्यांचे चार कॅट. एक टोपी. "आणि हे कर्मचारी, एक, असं लिहिलंय, ते कोण?" हे म्हणाले, "तो पेटीत आहे." त्या बिचाऱ्याचा चेहरा बघायला हवा होता. पेटी उघडली, कर्मचाऱ्यानं कान हलवले, पेटी बंद केली. मग तो मऊ आवाजात म्हणाला, "साहेब, अकरा वर्षं सलग तोटा. असं असलं की कर खातं एकच विचारतं. हा धंदा आहे की छंद?" धंदा म्हटलं तर जुने सगळे खर्च उकरून काढतील, कवळीसकट. छंद म्हटलं तर यांना उत्पन्नच नाही, मग मला यांना 'पत्नीवर अवलंबून' असं दाखवता येतं, आणि त्याची सवलत म्हणजे... त्यानं कागद माझ्याकडे वळवला. आकडा बघितला आणि तुम्हाला सांगते, माझ्या डोळ्यांसमोर मशीन उभं राहिलं. नवं. न गळणारं.

"थांबा!" हे उभे राहिले. कोटाची बटणं लावली. आवाज बदललेला, रंगमंचावरचा. "आपली पेन्सिल द्या." त्यानं दिली. यांनी ती मुठीत धरली, मूठ उघडली, पेन्सिल नाही. दुसरी मूठ, तीही रिकामी. मग म्हणाले, "आपल्या पाठीमागच्या कपाटात, खालून तिसरी फाईल." तो उठला, फाईल काढली, दोरी सोडली, कागदांच्या मध्ये पेन्सिल! बावीस वर्षं संसार करतेय, या माणसाच्या हातून इतकं सफाईनं काही झालेलं मी कधी बघितलं नव्हतं. एक बल्ब नीट लावता येत नाही यांना! माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. तो अकाउंटंट तर लहान मुलासारखा टाळ्या वाजवायला लागला. मनापासून हो! म्हणाला, "वा! वा! फारच सुंदर छंद आहे हो तुमचा!"

यांचा हात तसाच वर राहिला.

"मग मॅडम, तुम्ही सांगा," तो म्हणाला, "कमावत्या तुम्ही आहात. धंदा लिहू की छंद?" हे माझ्याकडे बघतायत. पेटीत कर्मचारी खुडबुड करतोय. मी म्हटलं, "छंद." एवढ्या मोठ्यानं म्हणायची गरज नव्हती, खालच्या टायरवाल्यालाही ऐकू गेलं असेल. पण अकरा वर्षं ताट मांडीवर घेतलेल्या माणसाचा आवाज जरा मोठाच निघतो. त्यानं पट्टी ठेवून 'जादूगार' शब्दावर सरळ रेघ मारली आणि लिहिलं, व्यवसाय : नाही. मी आपणहून बोलले का? नाही! विचारलं म्हणून बोलले. कपडे धुणारी बाई मी!

परतावा आला. मशीन आलं. हे बघायला दुकानात आले, मशीनवरून हात फिरवला आणि म्हणाले, "माझ्यामुळे आलं." मी म्हटलं, "हो तर. तुम्ही काही करत नाही म्हणून आलं." बोलून गेले. परत घेता आलं असतं तर... छे, घेतलं नसतंच.

आणि नशीब बघा, पुढच्याच आठवड्यात फोन! मोठं खेळण्यांचं दुकान, महिनाभर रोज प्रयोग, पैसे रोख. एवढं मोठं काम अकरा वर्षांत पहिल्यांदा! मी अकाउंटंटला फोन लावला. मऊ आवाज म्हणाला, "मॅडम, कमावलं की ते अवलंबून राहत नाहीत. परतावा परत करावा लागेल." मशीन समोर फुसफुसतंय. मी यांना सांगितलं, "एक पैसा घ्यायचा नाही. नाही म्हणून सांगा." वाटलं, रडतील. तर काय बोलले माहितीय? "पैसे घ्यायचे नाहीत ना? मग फुकट करतो. छंद आहे माझा."

आणि केला! फुकट जादूगार म्हटल्यावर काय विचारता? शाळा आल्या, क्लब आले, म्हाताऱ्यांचे आश्रम आले, नवं दुकान उघडलं की पहिले हे. विजेच्या खांबांवर यांचे फोटो! मी विटक्या काळ्या कोटाला रोज इस्त्री करतेय, दोन पाळ्यांत करतेय, आणि रोज करून करून हा माणूस चांगला व्हायला लागला हो! बाहीतलं अंडं आता मलाही दिसत नाही. रस्त्यात पोरं मागे लागतात. घरात दमडी नाही, आणि मोकळी तारीखही नाही!

मग आलं जाड पाकीट. कर खात्यातल्या कोणा शहाण्यानं खांब वाचले असणार. एवढे प्रयोग, आणि उत्पन्न शून्य कसं? त्यांनीच अंदाजानं उत्पन्न धरलं, त्यावर कर, त्यावर दंड. आणि सगळ्यात वर, ठळक अक्षरांत, यांचं पूर्ण नाव, आणि खाली, व्यवसाय : जादूगार. हे ते पत्र घेऊन खिडकीशी उभे. मी म्हटलं, "आकडा बघितलात का?" तर म्हणतात, "छापून आलंय गं."

परत टायरच्या दुकानावर. अकाउंटंट म्हणाला, "घाबरू नका. निवेदन तयार केलंय, एका सहीचं काम आहे." तीन वाक्यं होती. मी जादूगार नाही. माझ्या प्रयोगांना कोणी पैसे देत नाही. मी पत्नीवर अवलंबून आहे. सही केली की दंड माफ, मशीन माझं. यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. पेन उघडलं. पेन बंद केलं. आणि त्या मऊ आवाजाहून मऊ आवाजात म्हणाले, "दुसरं आणि तिसरं वाक्य राहू द्या. ते खरंच आहे. पहिलं तेवढं काढता येईल का?"

तो म्हणाला, "साहेब, पहिलं काढलं तर बाकीच्यांना काही अर्थ राहत नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. करा ना सही! एक रेघ ओढायची! एवढी वर्षं मी उभ्यानं काढली, मनगटं भाजून घेतली, आणि तुम्हाला एक सही होत नाही? हे सगळं ओठांवर आलं होतं. पण हे तसेच बसलेले, मान खाली, सारखं पेन उघडतायत, बंद करतायत... आणि मला राग आला. यांचा आला, त्या खळीच्या कॉलरीचा आला, आणि खरं सांगू, सगळ्यात जास्त माझाच आला. कारण त्यातलं पहिलं वाक्य यांच्या आधी मी म्हणून मोकळी झाले होते, या खोलीत, मोठ्यानं. मी म्हटलं, "दंड किती होतो, पुन्हा सांगा." का म्हटलं? मला नका विचारू!

मशीन गेलं. निम्म्या किमतीला. घेतलं कोणी? चष्मेवालीच्या भावानं. जुनं गळकं माळ्यावरून काढलं. दंड भरून आम्ही रस्त्यानं येतोय, कोपऱ्यावर आल्यावर मला कोपरानं ढोसतात आणि म्हणतात, "एवढा दंड काही साध्यासुध्या कलाकाराला लावत नाहीत हं!"

...खरंय. आणि तो भरायला बायकोही साधीसुधी चालत नाही.