परत न आलेली कुत्री

चेंडू गिळलेल्या कुत्र्याचं डोकं मांडीवर घेऊन आजोबा शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर बसले होते. आत दोघा डॉक्टरांची चांगलीच जुंपली होती.

"सर, जी कुत्री शस्त्रक्रियेनंतर तपासणीला परत आली नाहीत, ती बरी झाली असं संशोधनाच्या लेखात लिहिलंत?"

"अगं, बरी झाली म्हणूनच नाही आली!"

"मी मालकांना फोन केले. निम्मी मेलीत! तुमचा नवा टाका आतड्यात उसवून!"

"हळू बोल. लेख छापायला गेलाय."

"परत मागवा. देवाला तरी भ्या!"

"नोकरी नकोय वाटतं?"

"खड्ड्यात गेली नोकरी!"

दार उघडून मदतनीस म्हणाला, "चला आजोबा, सर बोलावताहेत."

आजोबांनी कुत्र्याला छातीशी धरलं. "आत भांडतायत ना, त्या बाईंना बोलवा. आणि टाका जुनाच घाला म्हणावं."