ऑपरेशनआधीची सात गाणी

ताई: मी कपाटात तोंड घालून गाणार नाही. बालवाडीतली बाई आहे मी, झुरळ नाही.

भाऊ: उघड्या खोलीत आवाज भिंतींवर आपटून परत येतो. मघाचं रेकॉर्डिंग ऐकलंस ना? पिंपात बसून गातेयस असं वाटत होतं. कपडे आवाज पिऊन टाकतात.

ताई: आणि मोबाइलला माझा मोजा का घातलास?

भाऊ: तू 'प', 'फ' म्हणतेस तेव्हा फुंकर बसते. मोजा ती अडवतो. धुतलेला आहे.

ताई: रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे साधा माइक नसावा?

भाऊ: आहे. बिघडलाय.

ताई: अरे, मुलांना माझा आवाज ओळखू आला की झालं. परवा गळ्यातली गाठ काढणार. डॉक्टर म्हणाले, आवाज तीनेक महिन्यांत येईल, कदाचित वेगळाच येईल. बदलीवर आलेल्या बाईंना गाता येत नाही, आणि दुपारी गाण्याशिवाय एक पोर डोळा मिटत नाही.

भाऊ: म्हणूनच नीट करतोय. पंखा बंद, फ्रिज बंद. शेजारच्या काकूंना सांगून आलो, तासभर मिक्सर लावू नका. त्या म्हणाल्या, कोण गेलं?

ताई: तू काय सांगितलंस?

भाऊ: म्हटलं, अजून कोणी नाही.

ताई: छान.

भाऊ: मोबाइल वीतभर लांब धर. तोंडासमोर नको, जरा बाजूला. हं, गा.

(ताई पहिलं गाणं गाते. दोघं ते ऐकतात.)

भाऊ: स्वच्छ आलंय. पण वर्गात तपासणी चालू असल्यासारखं गातेयस.

ताई: समोर तुझे शर्ट लटकलेत. शर्टांना झोपवायची सवय नाही मला.

भाऊ: सरक. मी आत बसतो. मोबाइल दे इकडे.

ताई: मावशील?

भाऊ: मावलो. मांडीसुद्धा घातलीय. आता माझ्याकडे बघून गा. सातही, न थांबता.

...

ताई: झाली. ऊठ. झोपला होतास तू.

भाऊ: पाचव्याला. म्हणजे चालतील.

ताई: मग कर बंद.

भाऊ: थांब जरा. मला एक हाक मार. जेवायला मारतेस तशी.

ताई: गाणी संपली ना सगळी?

भाऊ: आवाजाची पातळी बघायचीय.

ताई: आता?

भाऊ: हो.

ताई: ये रे, पानं वाढलीत.

भाऊ: अजून एकदा.