शूट म्हना, आबा

माह्या तोंडाचं तुमाले ठावूकच हाय, शिवीबिगर वाक्य पुरं होत नाई. अन् नातीले पाहाले भीमपूरचे पाव्हणे येनार! सोयरीक मोडन म्हनून घरातले सारे भेले. नात हैदराबादेत नोकरीले, ते म्हने, "आबा, शिवी आली का 'शूट' म्हना. लईच राग आला त 'फज' म्हना. इंग्रजीत शिवीले असंच लुगडं नेसवते."

पाव्हणे आले. नवरदेवाचा आजा गळ्यात माळ घालून गप्प बसला. हसे ना, बोले ना. मले वाटलं, या देवमानसाले आपलं घर काई पटत नाई.

तेवढ्यात सुनेच्या हातून गरम चहा त्याच्या मांडीवर सांडला. म्हातारा टुनकन उडाला अन् बोंबलला, "शूट! फज! फज!"

मी इचारलं, "बुवा, तुमाले कोनं शिकवलं?"

"नातवानं. सकाळपासून पाठ करून राह्यलो."

मी सुनेले हाक देल्ली, "पेढे आन वं! सोयरीक पक्की. साध्या तोंडाच्या मानसाले हे शब्द शिकाचं कामच काय?"

म्हातारा धोतर झटकत वरडला, "पेढे मंग, हरामखोरहो, पयले थंडं पानी आना!"