साडेचार फुटांचा पोटमाळा

(कापडाच्या जुन्या पेढीसमोर, फुटपाथवर. भाऊ जुन्या इमारती दाखवायची फेरी काढतो; त्याच्याबरोबर आलेली मंडळी दर्शनी कमानींचे फोटो काढताहेत.)

बहीण : गोड म्हणालास तू. सगळ्यांदेखत. 'आत बघा, केवढा गोड पोटमाळा.'

भाऊ : हळू बोल. माझी माणसं ऐकतायत.

बहीण : ऐकू देत. 'तुझा मुलगा जुन्या पेढ्या कशा दाखवतो ते बघ,' म्हणून मी आईला हौसेनं घेऊन आले. आणि तू काय सांगितलंस? 'वर मालाचे गठ्ठे ठेवत, म्हणून उंची साडेचार फूट.'

भाऊ : मालकांच्या माहितीपत्रकात तसंच छापलंय.

बहीण : छापलंय म्हणे. एकवीस वर्षं आई तिथे बसून सदऱ्यांना काजं करत होती, ती काय गठ्ठा होती?

भाऊ : मला नको शिकवूस. तिच्या पाठीला रोज तेल मी चोळतो, तू नाही.

बहीण : मग जीभ का अडते?

भाऊ : मॅनेजर दारात उभाय. वाकडं बोललो तर उद्यापासून मला आत घेणार नाहीत. ही पेढी गेली की माझ्या फेरीत उरतं काय? दोन बँका आणि एक घड्याळ. कुत्रं फिरकायचं नाही.

बहीण : खड्ड्यात गेली तुझी फेरी.

आई : झालं का तुमचं?

बहीण : आई, तूच सांग त्याला.

आई : काय सांगू? त्याचं पोट आहे त्यावर. माल म्हणाला, म्हणू दे. मालक तरी आम्हाला दुसरं काय समजायचे? पण गोड कशाला म्हणालास रे? चौदाजणी होतो आम्ही. लघवीला जायचं तरी जिन्यापर्यंत रांगत. तुझ्या वेळी नववा लागेपर्यंत रांगलेय मी. फार राग आलाय मला तुझा, सांगून ठेवते.

भाऊ : चुकलो, आई.

आई : मला सांगून काय उपयोग?

पाहुणी : अहो, त्या पोटमाळ्यावर जाता येतं का? फोटो छान येतील.

भाऊ : येतं. पण मघाशी मी खोटं सांगितलं. मॅनेजरसाहेब, तुम्हीही ऐका. वर माल नव्हता. चौदा बायका दिवसभर शिवत बसायच्या. त्यांतली एक ही, माझी आई.

पाहुणी : अगंबाई. आजी, तुम्हीच चला ना वर, दाखवायला.

आई : मला आता चढवत नाही. जिना तिकडे आहे, जा तुम्ही. फक्त फोटो काढायच्या आधी पाच मिनिटं तसेच वाकून थांबा.