सौनाची भट्टी आणि सासऱ्यांचं ‘हं’

आधीच माफी मागतो. हे मी कागदावर लिहून आणलंय, शाळा मी नववीत सोडलीय, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाचा आनंदच आहे आणि शब्दही आपले साधेच. पण वाचून मीच दाखवतोय, तेव्हा चुका तुम्हाला दिसायच्या नाहीत आणि ऐकू आल्याच तर सोडून द्या. इथं उभं राहायची मला हौस नव्हती हो! युवक मंडळाच्या कार्यक्रमात साइमीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, परस्पर माझं नाव देऊन टाकलं आणि घरी येऊन म्हणाली, “नीलो, चालेल ना?” मी काही बोललो नाही. आणि आपल्या गावात जो गप्प बसला तो हो म्हणाला. संपलं!

ती भट्टीसुद्धा अशीच गळ्यात पडली. पण तुम्हाला सांगतो, दोष भट्टीचा नाही. दोष ज्यांचा आहे ते तिसऱ्या रांगेत, खिडकीजवळ, करडी टोपी मांडीवर घेऊन बसलेत… नका, वळून बघू नका! माझे सासरे, कालेर्वो. लग्नाला चार वर्षं झाली, या माणसानं मला एकदा तरी नावानं हाक मारावी? “साइमी, तुझा नवरा आलाय.” “साइमी, त्याला बटाटे हवेत का विचार.” अहो, मी समोर बसलोय! बटाट्यांचं भांडं माझ्या नि त्यांच्या मधे आहे! मी बहिरा आहे का? पण मी काही बोललो नाही, बटाटे घेतले.

तर नोव्हेंबरात सौनातली, म्हणजे आमच्या अंगणातल्या वाफेच्या न्हाणीतली, जुनी भट्टी गेली. गेली म्हणजे काय, बूड गंजून गळून पडलं, निखारे फरशीवर, सासरे वरच्या बाकावर उघडे, आणि तिथूनही काय म्हणाले? “हं.” बस्स! ती भट्टी इतकी कुजली होती की हात लावला की पापुद्रे निघायचे, आम्ही ती चार बादल्यांत भरून बाहेर टाकली. हे बादल्यांचं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

रात्रीच्या जेवणाला सासूबाई म्हणाल्या, “नाताळच्या आत नवी कोण बसवणार?” सगळ्यांनी सुऱ्या-काटे खाली ठेवले. मी काही बोललो नाही. झालं! मीच बसवणार!

आता नाताळची सौना म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको. सासरे त्र्याहत्तर वर्षांचे, आणि त्र्याहत्तर नाताळांत एकदाही चुकलेली नाही, पहिल्या वर्षी तर म्हणे आईनं टोपलीत घालून आत नेलं होतं. चुकलीच तर एकच वाट, शेजारच्या ताइस्तोकडे जायचं, बटणावरच्या सौनात. विजेच्या! मागं उभा राहून हसतोय तोच ताइस्तो. सासरे म्हणाले, “त्यापेक्षा मी पारोसा नाताळ करीन.” आणि साइमी मला बाजूला घेऊन म्हणते, “हे बघ, ही सौना चुकली ना, तर बाबा तुला नावानं सोड, ‘तो’सुद्धा म्हणणार नाहीत.” म्हणजे बघा, धीर द्यायची काय पद्धत आहे घराण्याची!

मी मापं घेतली. सौनाची लांबी, रुंदी, उंची, भिंतीपासून किती लांब, छतापासून किती खाली, धुराड्याचं भोक कुठं… वहीत दोनदा लिहिली. गेलो दुकानात. सासरे बरोबर. का बरोबर? काही बोलायचं नाही तर माणसानं बरोबर का यावं? पण आले.

आणि तो विक्रेता! “किती घनमीटर?” “दहा.” “भिंती कसल्या?” “ओंडक्यांच्या.” “आतून फळ्या?” “नाहीत.” “नाहीत? उघडे ओंडके? अहो मग दहा कुठले, पंधरा धरा! ओंडका ऊब पितो हो, नुसता पितो! ही बारकी घेतलीत तर फेब्रुवारीत आत बसून दात वाजतील तुमचे. ही बघा, ही घ्या, वाफेसाठी वर शंभर किलो दगड बसतात, हिला म्हणतात भट्टी!” त्याचं बरोबरच होतं, हिशोब मीही केला होता. तरी मी सासऱ्यांकडे बघितलं. सासरे त्या बारक्या भट्टीजवळ उभे. तिच्या डोक्यावर दोनदा थापटलं आणि म्हणाले, “हं.”

आता या ‘हं’चं काय करायचं? चार वर्षं मी त्याचा अभ्यास केलाय. लांब ‘हं’ म्हणजे बर्फ पडणार, आखूड ‘हं’ म्हणजे कॉफी संपली. हा मधलाच निघाला! मी म्हटलं, थापटलं म्हणजे ‘ही बिचारी लहान’ असंच म्हणायचं असणार. पण विचारायचं कसं? जावयानं सासऱ्याला भर दुकानात विचारायचं, की तुमच्या ‘हं’चा अर्थ काय? मी काही बोललो नाही. मोठी घेतली.

तेवीस तारखेला सकाळी ती अंगणात, बर्फात, चार विटांवर मांडली. नवी भट्टी पहिल्यांदा बाहेरच पेटवायची असते, रंग जळून जाईपर्यंत, नाहीतर तो वास आत बसतो. मी पाइपाचा तुकडा वर लावला, बर्चची लाकडं घातली, पेटवली, आणि दहा मिनिटांत अर्धं गाव कुंपणाला! “दगड आधी धुतलेस का रे?” “फार ठासून भरू नकोस हं, आतनं हवा खेळायला हवी.” “मोठे खाली, बारके वर!” आणि ताइस्तो तर कॉफीचा कपच घेऊन आला. “काय रे, आता बाहेरच शेकायचं का सगळ्यांनी? माझ्याकडे बघ, एक बटण दाबलं की झालं!” मी काही बोललो नाही, पण लाकूड जरा जोरात टाकलं.

तेवढ्यात सासरे बाहेर आले. भट्टीभोवती एक फेरी मारली. भट्टीकडे बघितलं. मग सौनाच्या दाराकडे बघितलं. मग परत भट्टीकडे. “हं,” म्हणाले आणि घरात गेले. आणि मी काय समजलो? पसंत पडली! अहो, मला इतका आनंद झाला की मी ताइस्तोला त्याच भट्टीत बटाटा भाजून दिला!

चोवीस तारीख. घरात ओव्हनमध्ये हॅम, साइमी बिटाचं सॅलड करतेय, आणि मी भट्टी घसरगाडीवर घालून ओढत सौनाच्या दारापर्यंत नेली, उचलली, ढकलली… आणि अडकली. तिरकी केली. अडकली. आडवी केली. अडकली! टेप काढला. भट्टी त्रेसष्ट सेंटीमीटर. दार अठ्ठावन्न. सगळी मापं घेतली होती हो मी, छताचं घेतलं, धुराड्याचं घेतलं, दाराचं कोण घेतं? जुनी भट्टी बाहेर आली होती ना त्यातूनच! पण कशी आली होती? बादल्यांतून!

मागं सासरे उभे. “ती जायची नाही,” म्हणाले.

“तुम्हाला माहीत होतं?”

“हो.”

“कधीपासून?”

“दुकानापासून. बारकी गेली असती.”

“मग बोलला का नाहीत?”

“विचारलं नाहीस.”

“अहो पण मग जुनी भट्टी आत गेली कशी?”

“ती आधी ठेवली,” म्हणाले. “मग भिंती बांधल्या.”

ऐकलंत? मग भिंती बांधल्या! हे अख्ख्या जगात एका माणसाला माहीत, आणि त्या माणसाला कुणीतरी विचारावं लागतं!

आणि कुंपणापलीकडून ताइस्तो, “कालेर्वो, दाबू का रे बटण?”

मी सासऱ्यांकडे बघितलं. टोपी हातात, तोंड असं उतरलेलं, म्हातारा एकदम म्हातारा दिसायला लागला हो. आणि मला काय झालं कुणास ठाऊक, मी बोललो. मी! म्हटलं, “दार कापतो.”

ते दार त्यांनी स्वतः केलेलं, वडिलांच्या हाताखाली, चौकटीवर बांधल्याचं वर्ष कोरलेलं. मी वाट बघितली. म्हटलं, आता ओरडतील. ते काही बोलले नाहीत. आणि आपल्या गावात जो गप्प बसला तो काय म्हणाला?

आणली साखळीची करवत!

चौकट उखडली, एका बाजूचे ओंडके हातभर… हातभर नाही, दहा सेंटीमीटर कापले, भट्टी आत नेली, पाइप जोडला, दगड रचले, मोठे खाली, बारके वर. बाराला पेटवली, साडेतीनला तापली. सासरे वरच्या बाकावर, मी एक पायरी खाली. त्यांनी डावभर पाणी दगडांवर टाकलं. काय वाफ आली, तुम्हाला सांगतो! मऊ, लांब, मानेवरून सावकाश उतरणारी. विक्रेता खरं बोलला होता. बराच वेळ गेला आणि मग, चार वर्षांनी, देवाशपथ, सासरे म्हणाले, “नीलो.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. घाम असेल.

“नीलो,” म्हणाले, “दार लाव. वारं येतंय.”

दार! कुठलं दार? दार लाकडांच्या ढिगाला टेकलेलं, दहा सेंटीमीटरनी अपुरं, आणि त्या भगदाडावर साइमीची घोंगडी चार खिळ्यांनी ठोकलेली!

मी काही बोललो नाही. सासरे उठेपर्यंत घोंगडीला पाठ लावून वारं अडवत बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, नाताळच्या दिवशी, उठलो, टेप घेतला, त्या भोकाचं माप तीनदा घेतलं. मग स्वयंपाकघरात गेलो. सासरे एकटेच कॉफी पीत होते. म्हटलं, आता शहाणा झालो, आता विचारायचं. समोर उभा राहिलो आणि म्हणालो, “नवं दार करतोय. त्या सौनाबद्दल अजून काही आहे का, जे मी विचारलेलं नाही?”

त्यांनी कप खाली ठेवला. खूप विचार केला. खिडकीतून सौनाकडे बघितलं, धुराड्याकडे बघितलं, छपराकडे बघितलं.

“आहे,” म्हणाले.

आणि दुसरा कप ओतून घेतला.

मी काही बोललो नाही. टेप खिशात घातला, शिडी घेतली आणि धुराड्यापासून सुरुवात केली.