भंगारात द्यायच्या आधी

धाकटी: तिसऱ्या डब्यात बारा नंबरचे बोल्ट एकोणीस, चौदा नंबरचे नऊ, वॉशर सव्वीस, त्यातले दोन वाकलेले. रबरी पाइप पाच, पाचही तडकलेले. आणि एक खिळा. तो गाडीचा नाही.

दादा: भट्टी, मी तुला साखळी ओढायला बोलावलं होतं. शिरगणतीला नाही.

धाकटी: साखळी ओढून झाली. गाडीतून काढून टांगून ठेवलेलं जुनं इंजिन खाली आलं, जमिनीवर बसलं. आता त्यावरचं काय काढून ठेवायचं आणि काय जाऊ द्यायचं, हे मोजल्याशिवाय कसं कळणार?

दादा: स्टार्टर काढ, डायनामो काढ. बाकी सगळं भंगारवाल्याचं. चार वाजता त्याचा टेम्पो येतोय. त्याच्या आत हे धूड दारापर्यंत सरकलं पाहिजे, म्हणजे मला नवीन आत सोडता येईल.

बाबा: नवीन म्हणे.

दादा: माझ्यासाठी नवीनच. ठोकलेल्या गाडीतून निघालं म्हणून काय झालं, बाबा? गाडीचं नाक चेपलं होतं, इंजिनाला ओरखडा नाही. तुमच्या स्पोर्ट्स कारला जन्मात मिळाली नसेल एवढी ताकद आहे त्यात.

बाबा: बॉनेट लागेल का?

दादा: लागेल. पुठ्ठ्याचं इंजिन कापून आधी आत बसवून बघितलंय. आठ महिन्यांचे सगळे रविवार घातलेत मी या गॅरेजमध्ये. परवा इंजिन ज्यांच्यावर टेकतं ते जुने कान ग्राइंडरने उडवले, नवे वेल्ड करून लावले. आता हे जुनं इंजिन परत बसवायचं म्हटलं तरी त्याला टेकायला जागा नाही.

बाबा: उडवलेसुद्धा?

दादा: तुमच्या समोर तर उडवले. याच खुर्चीत बसून चहा पीत होतात.

धाकटी: हेडचे, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचे, बोल्ट दहा.

दादा: हिचं चालूच आहे.

धाकटी: दहाही जागेवर. दहाही बोल्टांवर पिवळ्या रंगाचा ठिपका.

दादा: छान. रांगोळी काढ आता.

धाकटी: ठिपका अर्धा बोल्टावर आहे, अर्धा हेडवर. कारखान्यात बोल्ट आवळून झाला की लावतात, म्हणजे नंतर कुणी फिरवला तर कळतं. एकदा फिरवला की ठिपका तुटतो, दोन अर्धी परत जुळत नाहीत. इथे दहाच्या दहा अखंड आहेत. बाबा, हे तुम्हीच शिकवलंत मला.

बाबा: शिकवलं असेल.

धाकटी: मग हे हेड तुम्ही कधी उघडलंत?

बाबा: आता काय त्याचं? अकरा वर्षं झाली.

धाकटी: अकरा वर्षं तुम्ही सांगताय, "मी उघडून पाहिलं. हेड वाकलंय. पोरीने तापवून मारली गाडी." आईला सांगितलंत. आत्याला सांगितलंत. आत्याने सगळ्या भावंडांना सांगितलं, आणि तेव्हापासून माझं नाव भट्टी.

दादा: लाडाने म्हणतो गं.

धाकटी: तू लाडाने म्हणतोस. बाकीचे गाडीची किल्ली माझ्यापासून लांब ठेवताना म्हणतात. पहिल्या वर्षीच्या गोष्टीत मी तापमानाचा काटा लालमध्ये असताना एक किलोमीटर चालवली होती. आत्याच्या घरभरणीत तीन किलोमीटर झाले. मागच्या वर्षी लग्नात काकांनी सात सांगितले, वर मी गाणं म्हणत होते असंही.

दादा: गाण्याचं मी घातलं होतं. माफ कर.

धाकटी: बाबा, उघडलं होतं की नव्हतं?

बाबा: उघडायची गरज नव्हती. ओढून घरी आणली, एकदा चालू केली, कापरं भरल्यासारखी थडथडली. मला आवाजावरून कळतं. चौतीस वर्षं फिटर होतो मी.

धाकटी: त्याच चौतीस वर्षांत, माप न घेता बोलणाऱ्या माणसाला तुम्ही काय करायचात?

बाबा: ती कामाची जागा होती.

दादा: थांबा, थांबा. बाबा, म्हणजे उघडलंच नाही?

बाबा: ऐकलंस ना.

दादा: मी ऐकलं, पण डोक्यात शिरत नाहीये. इंजिन मेलंय म्हणून तर मी दुसरं आणलं. या घरात ते सगळ्यांना पाढ्यासारखं पाठ होतं. मी एकदाही संशय घेतला नाही, कारण माझ्या बापाने उघडून पाहिलं होतं.

बाबा: तू विचारलं नाहीस.

दादा: काय विचारणार? आजोबा खरंच गेलेत का, असं विचारतं का कुणी?

धाकटी: दादा, सतरा नंबरचा पाना दे.

दादा: काय करतेयस?

धाकटी: उघडतेय. तीन वाजायला दहा कमी आहेत. चारपर्यंत होईल.

बाबा: राहू दे. भंगारात जाणारी वस्तू आहे.

धाकटी: म्हणूनच. एकदा टेम्पोत चढलं की मला परत मिळणार नाही.

बाबा: काय मिळणार आहे तुला त्यातून? चांगली नोकरी आहे, पाण्याचे नमुने तपासतेस, लोक मॅडम म्हणतात.

धाकटी: ती मी मागितली नव्हती. मी तुमच्या कारखान्यात शिकाऊ म्हणून लागणार होते. फॉर्म भरून तुमच्या टेबलावर ठेवला होता, फक्त सही राहिली होती. गाडी ओढून आणली त्याच आठवड्यात तो फॉर्म मला तसाच परत मिळाला. "तुझ्या हातात यंत्र टिकत नाही," म्हणालात. गॅरेजची किल्ली माझ्या जुडग्यातून काढून घेतलीत.

बाबा: तेव्हा रागात होतो.

धाकटी: फॉर्मची मुदत दोन महिने होती. दोन महिने राग होता?

दादा: भट्टी... अगं, ऐक. हेडच्या आधी टायमिंग बेल्ट काढावा लागेल. सरक, कव्हर मी काढतो. चारच स्क्रू आहेत.

बाबा: ते कव्हर राहू दे.

दादा: पट्टा न काढता हेड कसं निघेल?

बाबा: मी म्हणतोय राहू दे.

दादा: निघालं. हां. ये, बघ इकडे. बेल्ट नवाकोरा दिसतोय गं. धूळसुद्धा नाही आत.

धाकटी: नवाच आहे तो. आदल्या संध्याकाळी बाबांनी बदलला होता. दुसऱ्या दिवशी मला किल्ली दिली, "एक फेरी मारून आण, कशी ओढते बघ." म्हणून तर मी बाहेर काढली होती. वरच्या चाकावरची खूण कुठे आहे?

दादा: ही बघ, बरोबर कव्हरच्या रेघेसमोर.

धाकटी: आणि खालच्या चाकाची?

दादा: खालची... ही असावी. नाही. ही.

धाकटी: बोट ठेव. मी दात मोजते. एक. दोन. वरची खूण जागेवर आहे तेव्हा खालचीही समोर यायला हवी. ती दोन दात पुढे गेलीय.

दादा: म्हणजे पट्टा चुकीचा बसलाय.

बाबा: तापल्यावर सरकला असेल.

दादा: सरकायला ढिला तर हवा. दाबून बघा तुम्ही. तंबोऱ्याच्या तारेसारखा आहे.

धाकटी: दोन दात चुकले तर गाडी ओढत नाही, थडथडते आणि तापते. बाबा, बरोबर आहे का मी म्हणते ते?

बाबा: बरोबर आहे.

धाकटी: तुम्हाला तेव्हा माहीत होतं?

बाबा: माहीत नव्हतं. वाटलं होतं.

दादा: वाटलं होतं म्हणजे?

बाबा: गाडी चालू केली, तो आवाज ऐकला, आणि वाटलं की पट्ट्याचा आहे. कव्हर काढायला दहा मिनिटं लागतात. काढलं नाही. ताडपत्री टाकली.

दादा: आणि आत येऊन सांगितलंत की हेड उघडून पाहिलं.

बाबा: तुझी आई दारातच उभी होती. तिने विचारलं, काय झालं. तोंडातून निघून गेलं. एकदा निघालं की मागे घेता येत नाही.

धाकटी: येतं. रोज संध्याकाळी जेवताना मी तुमच्या समोर बसत होते.

बाबा: एक मात्र लक्षात ठेव. पट्टा माझा असेल, पण काटा तुझ्या डोळ्यांसमोर होता. लालमध्ये गेल्यावर तू चालवलीस की नाही?

धाकटी: चालवली. चढावर होते. मागे गाड्यांची रांग होती. चारशे मीटर गेले, सपाट जागा आली, बंद केली.

बाबा: चारशे मीटर पुरतात. हेड अॅल्युमिनियमचं आहे.

धाकटी: पुरतात की नाही, मला माहीत नाही. हेच तर मला अकरा वर्षं माहीत नाही. तुम्ही "वाकलंय" म्हणालात, मी मानलं. पुढे कुणाच्याही गाडीत बसले की मी रस्त्याकडे बघत नाही, काट्याकडे बघते.

दादा: बाबा, समजा हेड सरळ निघालं, तर इंजिन चांगलं होतं असं धरायचं?

बाबा: हेड सरळ असेल तर पट्टा नीट बसवून गाडी त्याच दिवशी चालली असती.

दादा: आणि मी परवा कान कापले.

बाबा: हो.

दादा: तुम्ही नुसतं "अरे, थांब" म्हणाला असतात.

बाबा: दोनदा तोंड उघडलं होतं मी. ग्राइंडर चालू होता.

दादा: ग्राइंडरला बटण असतं, बाबा.

धाकटी: दादा, हा दांडा धर. दहावा बोल्ट माझ्या एकटीच्याने हलत नाहीये.

(पाऊण तासानंतर. हेड बाकावर उलटं ठेवलेलं आहे.)

बाबा: ब्लेड आडवं धर. उभं धरलंस तर ओरखडा उठेल, मग माप खोटं येईल.

धाकटी: आडवंच आहे.

बाबा: अजून थोडं. हां. आता अंगठा मागे घे. गॅस्केटचा काळा थर पूर्ण निघाला पाहिजे, नखाला काही लागता कामा नये.

धाकटी: माहीत आहे.

बाबा: हात विसरला नाहीस.

धाकटी: बाबा, आता ते नको.

दादा: मला कुणी सांगाल का, बघायचं काय आहे?

बाबा: पोलादी पट्टी हेडवर उभी ठेवायची. हेड सपाट असेल तर पट्टीच्या खाली फट राहत नाही. वाकलं असेल तर राहते. ती फट या पातींनी मोजायची, प्रत्येक पातीवर तिची जाडी कोरलेली आहे. पाच शतांशाची पात आत गेली नाही, तर हेड सरळ. गेली, तर तापून वाकलेलं.

दादा: पाच शतांश म्हणजे?

धाकटी: एका मिलिमीटरचे शंभर भाग केले, तर त्यातले पाच. कागदाहून पातळ.

दादा: अकरा वर्षांचं भांडण कागदाहून पातळ फटीत बसवणार तुम्ही दोघं.

धाकटी: भांडण नव्हतं. भांडायला दोन माणसांनी बोलावं लागतं. घ्या बाबा, पाती धरा.

बाबा: मी?

धाकटी: मी मोजलं तर तुम्ही मानणार नाही. दादाने मोजलं तर मी मानणार नाही.

दादा: माझा काय गुन्हा?

धाकटी: गाण्याचं तू घातलं होतंस.

बाबा: मला आता एवढं बारीक दिसत नाही.

धाकटी: पात डोळ्यांनी बघायची नसते, बोटांना कळते. हेही तुमचंच. पट्टी मी धरते. सहा जागा आहेत, लांबीत दोन्ही कडा, रुंदीत दोन्ही टोकं आणि दोन कर्ण.

बाबा: आणि बोटांना कळलं ते मी वेगळंच सांगितलं तर?

धाकटी: इंजिनाबद्दल तुम्ही खोटं बोललात. मापाबद्दल बोललेलं मी अजून ऐकलं नाही.

दादा: टेम्पो आलाय. हॉर्न वाजवतोय.

धाकटी: थांबू दे.

दादा: वाट अडवून उभा आहे, शेजारचे ओरडतील.

बाबा: ओरडू देत. तू दारात जा, नाहीतर इथे गप्प उभा राहा. पट्टी ठेव गं.

धाकटी: ठेवली. पहिली कड.

बाबा: पाचची पात. नाही जात. सरकव.

धाकटी: दुसरी कड.

बाबा: नाही. इथेही नाही.

धाकटी: रुंदीत, पुढचं टोक.

बाबा: नाही.

धाकटी: मागचं टोक.

बाबा: थांब, बोट पुसू दे. नाही.

धाकटी: पहिला कर्ण.

बाबा: नाही.

धाकटी: आता शेवटचा.

बाबा: घट्ट धर. हालवू नकोस.

धाकटी: मी हालत नाहीये. घाला पात.

बाबा: पाच नाही जात. चारची दे.

धाकटी: पाच गेली नाही ना? मग झालं.

बाबा: झालं नाही. किती आहे ते कळलं पाहिजे. दे.

धाकटी: ही चार.

बाबा: नाही. तीनची.

धाकटी: ही घ्या.

बाबा: तीन जाते. मागच्या कोपऱ्यात. तीन शतांश. पाचाच्या आत, सरळ.