मेलेल्या नसेचं दुखणं

...आणि वर मलाच विचारतात, "नस मेली ना रं? मग दुखतंय काय?" आता मला काय म्हाईत! मारली डॉक्टरनं, बघितली डॉक्टरनं, मी नुसता आ करून पडलो होतो, आणि जाब मला!

तुमाला सांगतो, चूक झाली ती पयल्याच दिवशी. कर्जतला डावीकडची खालची दाढ दाखवली, डॉक्टर म्हणला, "रूट कॅनल करू. नस मारायची, सिमेंट भरायचं, वर टोपी बसवायची. नस मेली की दुखणं संपलं." किती सोपं! मी आमच्या अख्ख्या पोशीर गावात सांगत फिरलो. गिरणीवर सांगितलं, विहारापाशी सांगितलं, कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत आ करून टोपी दाखवली, "नस मारली आपण! आता ही जलमात दुखायची नाय!" कुणी सांगितलं होतं रं दाखवायला?

दीडेक वर्षानं, भात झोडायच्या दिवसांत, सुरू झालं. आधी गरम चहानं, मग घास लागला की, मग कशानंच नाय, आपलं आपणच... ठणका असा की दाढेतनं कानात, कानातनं डोक्यात, आणि डोक्यातनं कुठं जायचं ते त्यालाबी कळेना! बायकोला म्हणलं, "जागृती, दाढ दुखते गं." "कुठली?" "तीच." "ती? अवो, तिची नस मेली ना? मग दुखतंय काय?" खोपोलीला कारखान्यात सायबाकडं सुट्टी मागायला गेलो, तर साहेब खुर्चीतनं हलला नाय, "नरेश, तेरी वो नस तो मर गयी ना? तूनेही तो सबको दिखाया था!" पारूआत्या लवंग घेऊन आली, दाढ कुठली ते ऐकलं, आणि लवंग परत पदराला बांधून निघून गेली. मेलेल्यावर लवंगसुद्धा वाया घालवायची नाय!

त्यात आमचा नागूकाका वारला. बांधावरनं आमची बोलाचाल बंद होती, किती वर्षं ते आता त्यालाच म्हाईत. तरी सख्खा चुलता, शोकसभेला जायला लागतंच. पुढं बसलो, पंचशील सुरू झालं, तसा माजा ठणका सुरू... डोळ्यांतनं धारा! थांबेनातच! बायका कुजबुजतायत, "बघ गं, नरेशच्या पोटात किती माया होती." काकी तर येऊन गळ्यात पडली, आणि पडली ती नेमकी डाव्या बाजूनं! मी असा हंबरलो, असा हंबरलो, की अख्खा मांडव रडायला लागला. मग आदरांजली. आमच्यात एकेकानं उठून दोन शब्द बोलायलाच लागतात. माईक हातात दिला, जबडा उघडेना, "काका... का... का..." एवढंच. बौद्धाचार्यांनी हळूच माईक काढून घेतला नि म्हणले, "बंधूंनो, भगिनींनो, गेलेलं माणूस असं दुखतं!" म्हणजे बघा, मेलेला चुलता दुखतो हे अख्ख्या गावाला पटलं, मेलेली नस दुखते हे एकालाबी पटेना!

शेवटी मलाच वाटायला लागलं, खरंच की! मेलेलं दुखंल कसं? मग दुखतंय ते कुणाचं? शेजारच्या दाढेचं! तिची नस जिवंत हाय ना! झालं, सापडला चोर. गेलो दुसऱ्या एका डॉक्टरकडं, म्हणलं, "ही काढा." तो म्हणतो, "आधी फोटो काढू." म्हणलं, "फोटो कशाला? मेलेली दुखत नाय, म्हणजे हीच. दुखतंय मला का फोटोला?" हुज्जत घातली मी, हुज्जत! वैतागून काढली त्यानं. चिमट्यात धरून उजेडात बघितली, म्हणला, "चांगली होती हो." बधिरपणा उतरला आणि... तुमाला सांगतो... ठणका होता तिथंच! तसाच! वर शेजारी खड्डा.

भिंतीला डोकं लावून बसलो. उजवीकडच्या दाढा तंबाकूनं कवाच्या खाल्ल्या. चावायला डावीकडं ह्या दोघीच रायल्या होत्या. त्यातली धडधाकट मी हट्टानं उपटून घेतली, आणि हाताशी रायली ती ही मेलेली. ही गेली की भाकरी संपली. तांदळाची भाकरी, भाजलेली सुकट, सगळं पन्नाशीतच बंद, पुढं सगळा जलम मऊभात. भीती वाटली मला, लई भीती वाटली.

मग खालापूरला झिनत मॅडमच्या दवाखान्यात गेलो. ह्यावेळी फोटोला नाय म्हणलो नाय. मॅडम फोटो बघून म्हणल्या, "काका, मागच्या वेळी मुळातला एक बारीक फाटा साफ करायचा राहून गेलाय. तिथनं पू हाडात उतरलाय. सगळं परत उकरावं लागेल." आणि तुमाला सांगतो, माज्या तोंडातनं काय निघालं असंल? "पण मॅडम, नस मेली ना? मग दुखतंय काय?" मीच! मीच विचारलं! मॅडम म्हणल्या, "नस मेलीय काका. तिच्या भोवतीचं हाड जिवंत आहे ना, ते दुखतंय." मग बाहेर बसलेल्या जागृतीला आत बोलावलं, म्हणल्या, "काकी, ह्यांना खरंच खूप दुखत असणार." मला रडू आलं हो. दुखण्यानं नाय. इतक्या दिवसांत कुणीतरी म्हणलं, दुखत असणार! जागृतीनं पदरानं माजं तोंड पुसलं.

टोपी काढली, सिमेंट उकरलं, आत औषध घालून ठेवलं, परत उघडलं, परत धुतलं... एकच दाढ, आणि तिचं मढं दोनदा उकरायचं! म्हणलं, "टिकंल ना मॅडम?" "प्रयत्न करतेय काका. नाही टिकली तर काढावी लागेल. शेजारची असती तर तिच्या आधारानं दुसरी बसवता आली असती." शेजारची असती तर!

पण टिकली. ठणका गेला. भाकरी खाल्ली मी, हळूहळू, डोळे मिटून. बरं वाटलं.

आणि ह्या सोमवारपासनं... परत! जिभेनं चाचपलं, दाढ गप हाय. दुखतंय ते शेजारी. खड्ड्यात. जिथं दाढच नाय तिथं! मॅडमना विचारलं, तर म्हणल्या, "क्वचित होतं असं. दाढ जाते, पण डोक्याला ते कळत नाही." कवा थांबंल? "सांगता येत नाही काका."

आता हे घरी कुठल्या तोंडानं सांगू? मेलेलं दुखतं हे पटवता पटवता निम्मं तोंड रिकामं झालं, आता नसलेलं दुखतं म्हणू? काल जेवताना हात थांबला माजा. जागृतीनं बघितलं. आता ती विचारते बरं का, मायेनं विचारते, "काय दुखतंय वो?" म्हणलं, "काय नाय." आणि तुमाला सांगतो, खोटं नाय बोललो... काय नाय, तेच तर दुखतंय.